धुळीचा सेकंद आणि एक ठोका

आमच्या गावच्या घाटाच्या माथ्यावर यंदा एक मोठा फलक लावायचं ठरलं. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची वाट. तळाला गाडा जुंपायचा, माथ्यावर निशाण, आणि मधलं अंतर किती सेकंदांत कापलं त्यावर नंबर. यात्रा कमिटीतल्या पोरांना फलकावर तीन काळांतले तीन गाडे चित्रांसकट हवे होते. वजन किती, चाक केवढं, वेळ किती, असं सगळं शेजारी शेजारी. जुन्या वेळा सांगणारा गावात मी एकटाच उरलोय. सतरा यात्रा मी त्या घाटावर घड्याळ धरलं. पोरं घरी आली, चहा प्याली, आणि मी त्यांच्या हातात जुनी वही दिली. तिच्यातली एक ओळ खोटी आहे, हे तेव्हा सांगितलं नाही.

त्या ओळीसाठी हे लिहितोय. आणखी काही वर्षं गप्प राहिलो असतो तर माझ्याबरोबर ती गोष्टही गेली असती, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. पण फलक लोखंडी आहे. तो माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

आधी गाड्यांविषयी सांगतो. माझ्या तरुणपणी शर्यतीचा असा वेगळा गाडा नव्हताच. शेतातलीच गाडी असायची. वरचा साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, उतरवायचा, जू बदलायचं, की झाला गाडा. चाकं बाभळीची, माझ्या छातीला लागतील एवढी. त्यावर कडेनं लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणत. दोन माणसांना एक चाक उचलवत नसे. गाड्यावर आमच्याकडे माणूस बसत नाही. तळाला सोडलेले बैल आपल्या जिवावर माथा गाठतात. तो जड गाडा वर येताना जमीन हादरल्यासारखी वाटायची, आणि लोकांना तेच आवडायचं. जाणती माणसं सांगायची, जड गाडा बैलांना धरून ठेवतो, हलका गाडा बैलांना उधळून लावतो. का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर शाळामास्तर होतो.

मास्तर होतो म्हणूनच घड्याळ माझ्याकडे आलं. शाळेच्या खेळांसाठी एक चावीचं घड्याळ होतं, तळहातात मावणारं. एका सेकंदात त्याचे पाच ठोके पडत. त्यामुळे आमच्या घाटाची भाषाच तशी झाली. अमक्याचा गाडा तेरा सेकंद एक ठोका, तमक्याचा तेरा सेकंद चार ठोके. तळाची रेघ ओलांडली की खालचा माणूस झेंडा पाडायचा, मी वरून कळ दाबायची. निशाण ओलांडलं की पुन्हा दाबायची. काटा थांबायचा. वेळ वहीत लिहून झाली की तिसऱ्यांदा कळ दाबायची, काटा शून्यावर जायचा, आणि झाल्या गोष्टीचा पुरावा संपायचा.

चैत्रात घाट कोरडा ठणठणीत असतो. चार बैल आणि तो जड गाडा निघाला की तळाला धुळीचा लोट उठायचा आणि कधी कधी झेंडा पडलेला दिसायचाच नाही. मग लोक ओरडले की मी कळ दाबायचो. अशा वेळी घड्याळ उशिरा चालू झालं हे उघड असायचं. दमलेले बैल पुन्हा पळवता येत नाहीत. म्हणून माझ्या आधीच्या माणसांपासून एक रीत चालत आली होती. धूळ आडवी आली असं घड्याळ धरणाऱ्याला वाटलं, तर त्यानं काट्यावरच्या वेळेत एक सेकंद मिळवायचा. त्याला धुळीचा सेकंद म्हणत. त्यावर कुणी तक्रार करायची नाही. घड्याळ धरणाऱ्याचा शब्द तो शेवटचा. दिवसाकाठी दोनतीन गाड्यांना तरी तो सेकंद लागायचा, आणि मालक नशिबाला बोल लावून बैल सोडायचे.

ज्याच्याविषयी लिहितोय तो माझ्याच वयाचा. बौद्धवस्तीतला. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे मी मास्तर झालो आणि तो रेल्वेत फिटर म्हणून लोणावळ्याला लागला. सुट्टीला गावी यायचा. त्याच्या बापाकडे दोन खिल्लारी बैल होते, आणि आणखी दोन त्यानं मामाकडून आणायचं ठरवलं. तोवर वस्तीतल्या कुणी स्वतःचा गाडा घाटावर उतरवला नव्हता. नाही म्हणणारं उघड कुणी नव्हतं, पण या म्हणणारंही नव्हतं.

गाडा त्यानं लोणावळ्यात बनवला. त्याची कल्पना कुठून आली ते त्यानं मला यात्रेच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. मुंबईचे काही हौशी लोक शर्यतीच्या मोटारी घेऊन लोणावळ्याकडे यायचे, डोंगराच्या रस्त्यावर पळवायला. त्यातली एक बिघडली म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्यानं याला मदतीला बोलावलं होतं.

"गुरुजी, त्या गाडीत एक माणूस जेमतेम बसतो," तो म्हणाला. "पत्रा इतका पातळ, बोटानं दाबला तर दबतोय. आन चाक मी एका हातानं उचललं. एका हातानं! आपल्या गाड्याचं चाक उचलाया दोगं लागत्यात. मग मी म्हनलं, पळायला निगालेल्या गाडीचं चाक हलकं, आन आपण बैलांच्या मागं जातं बांधतोय."

त्यानं चाकं गुडघ्याएवढी केली. भंगारातून बेअरिंग आणून बसवली. दोन चाकांमधला आख लेथवर गुळगुळीत करून घेतला. बाकी सांगाडा इतका हलका की तो एकटा खांद्यावर घेऊन घाटाच्या तळाला आला. तेव्हा जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो.

"ह्यो गाडा व्हय रं? का पोराची बाबागाडी?"

"आरं, बैल मोकळंच सोड की! गाडा कशाला लाजंला बांधतोस?"

"वर जाऊस्तोवर वाऱ्यानं उडाला तर हुडकायला तिकोण्याच्या गडाव जावं लागंल!"

तो हसत होता. त्याचा बाप हसत नव्हता. बापाला मनातून जड गाडाच हवा होता. चांगले बैल या खेळण्यामागे वाया जातील अशी त्याला भीती होती.

त्या दिवशी सकाळी माझ्या चुलत्यांचा गाडा बारा सेकंद दोन ठोक्यांत आला होता. आमच्या घाटावर इतकी कमी वेळ कुणी पाहिली नव्हती. चुलते यात्रेचे पुढारी. माझे वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहितो, कारण माघारी लोक भलतंच बोलतील. त्यांनी मला त्या दिवशी काहीही सांगितलं नाही. डोळ्यानं खूण केली नाही. ते माझ्या डाव्या हाताला उभे होते, एवढंच.

त्याची बारी दुपारची. झेंडा पडला. मला स्वच्छ दिसला. गाडा इतका हलका होता की धूळ उठलीच नाही, बैलांच्या खुरांमागे थोडी उडाली तेवढीच. आवाजही नाही. आम्हाला गाडा आधी कानानं कळायची सवय, आणि हा नुसता वर येत राहिला. लोक ओरडायचे थांबले. बैल निशाण ओलांडून गेले, मी कळ दाबली आणि बघितलं. अकरा सेकंद, दोन ठोके.

पहिल्या क्षणी मला वाटलं, माझं चुकलं. कळ उशिरा दाबली गेली असेल. अकरा सेकंदांत गाडा येतच नाही, हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काही नव्हतं. तो पहिला क्षण प्रामाणिक होता असं मी आजही म्हणतो. मी मनात एक सेकंद मिळवला. बारा सेकंद, दोन ठोके. म्हणजे चुलत्यांच्या बरोबरीला. बरोबरी झाली की घाटाचा मान वाटून द्यायचा, दोन्ही मालकांना एकाच वेळी फेटा बांधायचा.

मी चुलत्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग वहीत लिहिलं, बारा सेकंद, तीन ठोके. कळ तिसऱ्यांदा दाबली.

सेकंद धुळीचा होता असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. तो ठोका माझा होता.

कर्ण्यावरून वेळ पुकारली गेली, धुळीचा सेकंद धरून. तळाला उभ्या असलेल्या त्याच्या बापानं ती ऐकली. नंतर लोकांनी मला सांगितलं, पोरानं बैल खाली आणले. बाप त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मग पोराला म्हणाला, "आपल्याला जे जमत न्हाई ते आपण करू ने." तो गाडा पुढे वस्तीवर पाण्याचे डबे वाहायला वापरला गेला. त्यानं परत कधी घाटावर बैल उतरवले नाहीत.

दहाबारा वर्षांनी आमच्या घाटावर बेअरिंगची चाकं आली. खेडकडच्या एका गाड्याला कुणी पाहिली, मग सगळ्यांनी केली. चाकं लहान होत गेली, सांगाडा हलका झाला. चुलत्यांच्या मुलानंही तसाच गाडा केला. बाहेरून आलेली नवी पद्धत असंच सगळे म्हणायचे. मी त्या सगळ्या गाड्यांना घड्याळ लावलं आणि तोंड उघडलं नाही. मग मधे शर्यतींवर बंदी आली. लोक हळहळले, आणि मला मात्र बरं वाटलं. घाटावर गवत वाढलं. वाटलं, यातच ते पुरलं जाईल.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा घड्याळ धरायला माणूस लागेनासा झाला होता. आता तळाला आणि माथ्याला दोन खांब असतात, मधून किरण जातो, बैल आडवे गेले की पाटीवर आकडा उमटतो. आत्ताचे गाडे आमच्या घाटावर साडेअकरा सेकंदांच्या आगेमागे येतात. त्यावरून गावात एक बोलणं पक्कं झालं. आजचा गाडा जुन्याच्या चौथाई वजनाचा, पण वेळ कमी झाली ती फक्त एका सेकंदानं. म्हणजे जुने बैल म्हणजे काय असतील! चुलत्यांच्या गाड्याची बारा सेकंद दोन ठोक्यांची वेळ लोक देवाच्या गोष्टीसारखी सांगतात.

फलकाचं काम माझ्या नातीकडे आलं. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजातली मुलं मिळून दर वर्षी शर्यतीची एक छोटी मोटार बनवतात, आणि तिच्याकडे चाकांचं काम आहे. सुट्टीला आली की लॅपटॉपवर मला मोटारी दाखवते. एका चित्रात जुनी, विडीसारखी लांबट, सायकलपेक्षा थोडी जाड चाकं. मग पंख लावलेली, वाऱ्याच्या दाबानं रस्त्याला चिकटणारी. मग आजची.

"आबा, गंमत सांगू?" ती म्हणाली. "आजची गाडी त्या जुन्यापेक्षा जड आहे. सरळ रस्त्यावरचा वेगही फार वाढलाय असं नाही. ती वळणावर जिंकते. म्हणून नुसत्या वेळा शेजारी ठेवून काही कळत नाही. रस्ता बदलतो, टायर बदलतो, घड्याळ बदलतं."

"आणि गाड्यांचं?"

"तुमचं सोपंय. तोच घाट, तोच चढ, वळण नाही. फक्त हातातलं घड्याळ वेळ थोडी कमी दाखवतं. सुरुवातीला झेंडा दिसला की मग तुम्ही दाबता, म्हणजे उशीर होतो. शेवटी गाडा येताना दिसत असतो, म्हणून वेळेवर दाबता."

"म्हणजे धुळीचा सेकंद बरोबरच होता?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"मिळवायचा तर सगळ्यांना मिळवायचा ना, आबा. एकाला मिळवला आणि एकाला नाही, तर तुलनाच संपली. एका माणसानं एका घड्याळानं एका दिवशी घेतलेल्या वेळा असतील, तर आकडे थोडे चुकतील पण फरक खरा असतो."

तिनं वही पुढे ओढली आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं. मला माहीत होतं ती तिथे थांबणार.

"हे जुळत नाहीये. हा हलका गाडा, तुम्हीच शेरा लिहिलाय. चाकं लहान, बेअरिंग, आणि तरी जड गाड्याच्या मागे? चाकाच्या कडेचं वजन दोनदा ढकलावं लागतं, आबा. एकदा पुढे नेण्यासाठी आणि एकदा फिरवण्यासाठी. हा गाडा सेकंदभर तरी पुढे हवा. वेळ चुकलीय, नाहीतर बैल आजारी होते."

मी म्हणालो, "बैल कमजोर होते."

किती सहज आलं तोंडातून. पन्नास वर्षांपूर्वी निदान चुलत्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं होतं. नातीनं मान डोलावली आणि फलकाच्या मसुद्यात लिहिलं, हलक्या गाड्याचा पहिला प्रयत्न, बैल कमजोर असल्याने अयशस्वी. स्क्रीनवर ते टपोऱ्या अक्षरांत दिसायला लागलं. गाड्याचं श्रेय मी त्याच्याकडून आधीच काढून घेतलं होतं. आता त्याच्या बापाच्या बैलांवर आळ घातला होता, आणि तोही माझ्या नातीच्या हातानं.

चार दिवसांनी मी निघालो. तो निवृत्त झाल्यावर बेगडेवाडीला मुलाकडे राहतो एवढं ठाऊक होतं. जीपनं पवनानगर, तिथून कामशेत, मग लोकल. दुपारच्या गाडीत माणसं विरळ होती. प्रत्येक स्टेशनवर वाटलं, इथेच उतरून परत फिरावं. पण उतरायलाही अंगात ताकद लागते.

दार त्यानंच उघडलं. पाठीतून वाकलाय, पण हात तसेच, जाड बोटांचे.

"या गुरुजी," तो म्हणाला. "वाट चुकलात का कुणी मेलं?"

"तुझ्याकडेच आलोय."

"मग बसा. मेलं आसंल तर चहा घेऊन सांगा."

चहा सुनेनं आणला. मी फलकाचं सांगितलं. मग वहीतल्या ओळीचं. घरून निघताना वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही कामी आलं नाही. एवढंच म्हणालो की त्या दिवशी धूळ नव्हती.

त्यानं बशीतला चहा फुंकून एक घोट घेतला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी तळाला न्हवतो गुरुजी, निशाणापाशी उभा हुतो. तुमी घड्याळ बघितलं, मग काकांच्या तोंडाकडं बघितलं. मी म्हनलं, गेला आपला सेकंद धुळीत. धूळ कुटं हुती? पर कुणाला सांगणार? घड्याळवाल्याचा शबूद."

"मला वाटलं तुला ठाऊक नसेल."

"आवो, मी रेल्वेत हुतो. रुळाच्या सांध्याव गाडीचा ठोका ऐकून सांगायचो किती वेगात हाय ती. माझाच गाडा मला कळंना व्हय?"

मी म्हणालो, "सेकंदावर भागलं नाही. सेकंद मिळवून बरोबरी होत होती. मी वर एक ठोका घातला."

बशी त्यानं खाली ठेवली. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी ओळखीचाच नाही.

"बरोबरी हुत हुती?"

"हो."

"म्हंजी तुमचा धुळीचा सेकंद लावून बी माज्या बापाच्या डोक्याव फेटा बांधावा लागला आसता."

"हो."

"सेकंद मला ठाव हुता," तो सावकाश म्हणाला. "त्याचं मी कवाच सोडलं. म्हनलं, मास्तरला खरंच वाटलं आसंल, न्हाई बसला इस्वास. मानसाला न्हाई बसत. हा ठोका न्हवता ठाव."

आत सून भांडी लावत होती, तो आवाज तेवढा येत होता. मी माफी मागितली. तो शब्द म्हणताना माझा मलाच पोकळ वाटला. त्यानं हात हलवला, माशी वारावी तसा.

"ते ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत मला त्या गाड्यावरनं बोललं. मी काय बी नवं कराया घेतलं की म्हणायचा, बाबागाडीवानी हुईल बग. दवाखान्यात पडला हुता तवा बी म्हनला. त्याला वाटायचं मी त्याचं बैल वाया घालवलं. आता त्येला कोण जाऊन सांगणार, तुमी?"



"फलक बदलून घेतो," मी म्हणालो. "नातीला सांगतो. अकरा सेकंद दोन ठोके लिहायला लावतो."

"फलकाव काय बी लिवा. माझा बाप वाचाया शिकला न्हवता. त्यानं ती वेळ कानानं ऐकली हुती, कर्ण्यावरनं, साऱ्या गावासंगं. तशीच बोला. यात्रंला. तितंच हुभं ऱ्हाऊन."

"लोक काय म्हणतील," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यावर तो मोठ्यानं हसला. "आता बी काकांच्या तोंडाकडंच बगताय व्हय गुरुजी? त्यास्नी जाऊन तीस वरसं झाली!"

घरी येऊन नातीला सगळं सांगितलं.  तिनं मसुद्यातलं ते वाक्य खोडलं, वजन आणि वेळेच्या आलेखात नवा आकडा टाकला आणि म्हणाली, "आता आलेख सरळ आला." मग बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि जेवायला लवकर आत आली नाही.

कमिटीचा अध्यक्ष माझ्या चुलत्यांचा नातू. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"आबा, या वयात हे काढायची काय गरज? कुणी मागितलंय का?"

"एकानं मागितलंय."

"आणि आमच्या आजोबांचं काय? मेलेल्या माणसाचा मान काढून घेणार तुम्ही?"

"त्यांचा गाडा बारा सेकंद दोन ठोक्यांतच आला होता. ते कुणी काढून घेत नाही. फक्त तो पहिला नव्हता."

चार वेळा त्याच्याकडे गेलो. शेवटी बहुधा माझ्या येण्याला कंटाळून तो म्हणाला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं देतो.

यात्रेच्या दिवशी माइक हातात आला तेव्हा निम्मे लोक जेवायला पांगले होते. रसवंतीचा चरक खडखडत होता. मी बोललो. काय घडलं ते क्रमानं सांगितलं, सेकंदाचं आणि ठोक्याचं. त्याच्या बापाचं आणि त्याचं नाव घेतलं, बैल दमदार होते असं म्हणालो, आणि वेळ दोनदा पुकारली. अकरा सेकंद, दोन ठोके. एकदोघांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "ओ गुरुजी, आता बक्षीस कोण देनार?" लोक हसले. समोर बसलेले दोन म्हातारे उठून निघून गेले. अध्यक्षानं माइक काढून घेतला आणि पुढच्या बाऱ्यांची नावं वाचायला लागला. ज्याचं ओझं मी पन्नास वर्षं वाहिलं ते दोन मिनिटांत संपलं, आणि मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते. मांडवाच्या कडेला खुर्ची होती, तिच्यावर बसलो.

तो आला आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं तळाकडे घोळका दिसला. वाटलं भांडण लागलं. नात जाऊन बघून आली.

"ते आहेत तिथे," ती म्हणाली. "गाडेवाले त्यांना चाकाचं माप विचारतायत."

मी उठून उभा राहिलो, तिथून थोडं दिसत होतं. तो एका गाड्याशेजारी उकिडवा बसला होता. भोवती विशीपंचविशीतले मालक, गळ्यात उपरणी, हातात मोबाइल. त्यानं चाक हातानं फिरवलं, कान लावून ऐकलं आणि काहीतरी बोलला. ते हसले. नातीनं मला सांगितलं, तो म्हणत होता, एवढी वर्षं झाली आन तुमची चाकं अजून कडेला जड हायेत, कडंला वजन ठेवून काय भाकरी भाजताय का? मग ती म्हणाली, "आबा, मी जाऊ तिकडं? मला त्यांना आखाचं विचारायचंय."

मी म्हटलं, जा.

ती गेली. लोकांत घुसून त्याच्यासमोर मातीत बसली. तो बोटानं मातीत काहीतरी काढून तिला दाखवायला लागला, आणि वरून पुढच्या बारीचं नाव पुकारलं तरी दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. मी तिकडे गेलो नाही. चाकांविषयी सांगण्यासारखं माझ्याकडे कधीच काही नव्हतं.